रिकाम्या गाडीचं वजन

त्या हिवाळ्यात आमच्या पेगीननं स्लायगो शहर जितक्या वेळा पाहिलं, तितक्या वेळा मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पेगीन म्हणजे आमची मेंढी. काळ्या तोंडाची, एक शिंग मोडलेली, बाटलीच्या दुधावर वाढलेली आणि म्हणून माणसाला भीक न घालणारी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, उजाडायच्या आत तिला गोठ्यातून ओढून आणायचं आणि व्हॅनच्या मागच्या दारातून आत ढकलायचं, हे माझं काम. ती पुढचे पाय चौकटीला टेकवून अशी ताठ उभी राहायची की माझ्या कमरेत कळ यायची.

“चढ गं बये, चढ! तुला काय तिथं सुया टोचायच्यात? ज्यांना टोचायच्यात त्या बघ कशा मुकाट उभ्यात.”

मुकाट उभी असायची ती माझी सासू, डीलिया. अंगात तिचा निळा चांगला कोट, पण तो दिसू नये म्हणून त्यावर सासऱ्यांचं तेलकट जाकीट. सासरे वारल्यापासून दाराच्या खिळ्याला टांगलेलं होतं, ते आता कामाला आलं. पायात गमबूट. हॉस्पिटलात घालायचे बूट खाद्याच्या रिकाम्या पिशवीत.

“कशी दिसते गं मी?” ती विचारायची.

“बाजारात मेंढी विकायला निघालेल्या बाईसारखी.”

“आणि आई बिचारी सांगत होती, नन हो म्हणून. ऐकायला हवं होतं.”

हसायची, पण जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घ्यायची. थंडीसाठी नव्हे. आमच्या घरात त्या दिवसांत सगळ्यांनीच धास्ती घेतली होती, आणि त्याला कारण आमची गाडी.

गाडी मुळात कारच. मागं सामान ठेवायला लांब डिकी असलेली जुनी डिझेल कार, पोरं लहान होती तेव्हाची. पोरं गेली ऑस्ट्रेलियाला, आणि गाडी राहिली आमच्या गळ्यात. तिचं इंजिन मोठं, आणि जुन्या कारचा रस्ताकर लागतो इंजिनाच्या आकारावर. इंजिन जितकं दांडगं तितका टॅक्स दांडगा, मग गाडी वर्षभर शेडात उभी का असेना. मालाच्या गाडीचं तसं नाही. तिचा टॅक्स रिकाम्या गाडीच्या वजनावर, आणि हलक्या गाड्यांना सरसकट एकच, सगळ्यात खालचा दर. निम्म्याहून कमी.

मग काय, आमच्या अख्ख्या डोंगरानं कारच्या व्हॅन केल्या. टर्लोनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमचीही केली. मागच्या सीटा उपटल्या, पट्टे काढले, पट्ट्यांची भोकं वेल्डिंगनं बुजवली. मागच्या काचांच्या जागी पत्रे ठोकले. पुढच्या दोन सीटांच्या मागं जाड प्लायवूडची फळी बोल्टांनी आवळली. उपटलेल्या सीटा कोंबड्यांच्या खुराड्यात टाकल्या, तिथं कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग गुरांच्या बाजारातल्या काट्यावर गाडी चढवली. काट्यावर चढवण्याआधी टर्लोनं जॅक काढला, फावडं काढलं, पायपुसणी काढली. कुत्र्याला खाली उतरवलं.

काट्यावरचा माणूस म्हणाला, “टर्लो, शर्टही काढ रे, कॉलरच्या मळाचं वजन धरतोय काटा.”

सगळा बाजार हसला. टर्लोही हसला. इंजिन तेच, चाकं तीच, खडखडाट तोच, पण काट्याच्या चिठ्ठीनं आमची कार व्हॅन झाली. फक्त एक अट होती आणि तिच्याखाली टर्लोची सही होती. गाडी फक्त धंद्यासाठी वापरीन. मेंढ्या, खाद्य, कुंपणाच्या तारा. चर्च नाही, लग्न नाही, बिंगो नाही, दवाखाना नाही. ते सगळं करायचं तर टॅक्स कारचा, इंजिनावरचा.

तेव्हा काही वाटलं नाही हो. दवाखान्यात जातंय कोण?

मग उन्हाळ्यात ह्यूबर्ट मलवी सापडला. आमच्या खालच्या वळणावरचा. बायकोला आणि मेहुणीला व्हॅनमधून बिंगोला नेताना धरला. मेहुणी मागं, बादलीवर बसलेली. कोर्टात उभं राहावं लागलं, जिल्ह्याच्या पेपरात नाव आलं, बादलीसकट. त्या दिवसापासून डोंगरानं धसका घेतला. कोण म्हणे गाडी उचलून नेतात, कोण म्हणे खोट्या सहीला तुरुंग आहे. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जायची कुणाची छाती नव्हती. विचारायला गेलं की आधी विचारणार, ‘तुम्ही का विचारताय?’

मग युक्ती निघाली. रविवारी चर्चबाहेर बघावं तर प्रत्येक व्हॅनच्या मागं काही ना काही माल. गवताची एक गासडी, खाद्याचं पोतं, चार खांब. देवाला भेटायला चाललोच आहोत, वाटेत खांब पोचवतोय एवढंच. तीच ती गासडी वर्षभर चर्चला यायची. गवत पिवळं पडून त्याची माती झाली तरी यायची.

सप्टेंबरात डीलियाची मूत्रपिंडं बसली. आठवड्यातून तीनदा स्लायगोला जाऊन रक्त धुवायच्या यंत्राला जोडून घ्यायचं, नाही तर अंगात पाणी साठतं, पाय मडक्यासारखे फुगतात, छातीत पाणी चढतं. नर्सनं फार गोड शब्दांत समजावलं. डीलियानं घरी येऊन त्याचा अर्थ सांगितला, “एक फेरी चुकली तर नर्सला फोन करायचा. दोन चुकल्या तर पाद्र्याला.”

सुरुवातीला हॉस्पिटलच्या टॅक्सीनं गेली. चार गावं फिरून चार म्हाताऱ्यांना गोळा करत जाणारी टॅक्सी. यंत्रावरून उतरलं की तिला मळमळायचं. एकदा वाटेत तिला उलटी झाली, दुसऱ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर. पुढच्या वेळी तिच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ती घरी आली, टोपी काढली आणि म्हणाली, “मी त्या गाडीत परत बसणार नाही. मेले तरी चालेल.” आमची डीलिया एकदा बोलली की बोलली.

म्हणून व्हॅन, आणि म्हणून पेगीन. गासडीपेक्षा जिवंत मेंढी बरी, असं टर्लोचं मत. टर्लो दिवसभर खाणीत दगडावर, म्हणून गाडी मी चालवायची.

पहिल्यांदा अडवलं ते चौकाजवळच्या पुलाशी. गार्ड डेनिही, नवा आलेला, केरीचा पोरगेला पोलीस, कान थंडीनं लाल झालेले. मी काच खाली केली.

“कुठं निघालात एवढ्या सकाळी?”

“गुरांच्या डॉक्टरकडे,” मी म्हटलं. “मेंढी आजारी आहे.”

त्यानं मागं जाऊन दार उघडलं. पेगीननं त्याच्याकडे बघून जोरात बें केलं आणि त्याची बाही चावायला निघाली.

“काय झालंय हिला?”

“अंगात पाणी साठतंय,” डीलिया पुढून म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर एक तर हसले असते, नाही तर रडले असते.

दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, “अजून बरी नाही?” तिसऱ्यांदा, नोव्हेंबरात, त्यानं काही विचारलंच नाही. मागचं दार उघडून बराच वेळ वाकून उभा राहिला. पेगीनच्या कानातला बिल्ला बोटांत धरून त्यानं त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला. मग माझ्या खिडकीशी आला.

“बाई, पुढच्या वेळी सगळे कागद घेऊन या. मला नीट बघावे लागतील.”

चोराच्या मनात चांदणं. ‘कागद’ म्हटल्याबरोबर मला टर्लोची सही दिसली, कोर्ट दिसलं, पेपरात डीलियाचं नाव दिसलं, मेंढीसकट. घरी आल्यावर सांगितलं तर टर्लोच्या हातातला बटाटा अर्धा सोलून तसाच राहिला.

“नंबर घेतला?”

“घेतला.”

“गाडी नेणार मग. गाडी गेली की आईला कशानं नेऊ? पाठीवर?”

“मग चल ना, जाऊन भरू कारचा टॅक्स. नाक घासू, काय होईल?”

“आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? माझी सही आहे तिथं, अट्रॅक्टा! माझी!” माझं नाव घेत त्यानं टेबलावर मूठ आपटली. असं करणारा माणूस नव्हे तो. पुढच्या पंधरवड्यात त्याचा पट्टा एक भोक आत गेला.

डीलिया चुलीशी बसून होती. पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणलेल्या जळणाच्या, ढेकळांवर हात शेकत तिनं न विचारता सांगून टाकलं, “मी मागं बसते. मेंढीजवळ. पुढं म्हातारी दिसलीच नाही तर कसला प्रश्न?”

“आई, तू वेडी आहेस का? मागं ना काच ना सीट.”

“तुझ्या जन्माच्या वेळी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले होते. तेव्हा कुठं पट्टा बांधला होता?”

मी नको नको म्हटलं. आजही सांगते, मी नको म्हटलं होतं. पण भीती घरात शिरली की शहाणपण खिडकीतून पळतं.

मग आम्ही मागं गवत पसरलं, त्यावर जुनी गादी. डीलिया फळीला पाठ लावून बसायची, पेगीन तिच्या पायांशी. मागचं दार बाहेरूनच उघडायचं, आतून नाही, म्हणून एक खूण ठरवली. फळीवर एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन ठोके म्हणजे थांब. प्रत्येक वळण घेतलं की मी कोपरानं फळीवर एकदा ठोकायची, आणि मागून एक ठोका यायचा. तो येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. कधी उशिरा यायचा. “झोप लागली होती गं,” ती उतरल्यावर म्हणायची. तिच्या पांढऱ्या केसांत गवत, निळ्या कोटाला लोकर. हॉस्पिटलच्या आवारात मी आधी ते वेचून काढायची, मग तिला आत न्यायची. एकदा एका बाईनं नाकाला रुमाल लावला. डीलियानं पाहिलं. बूट बदलताना खाली मान घालून जास्त वेळ बसली.

तोवर डेनिही पुन्हा आडवा आला नव्हता. मग डिसेंबरातल्या त्या बुधवारची गोष्ट. रविवारपासून आभाळ फाटलेलं. वारा असा की गोठ्याचा पत्रा रात्रभर आपटत होता. सोमवारी ओढा रस्त्यावर आल्यानं आम्हाला अर्ध्या वाटेतून परतावं लागलं होतं, म्हणजे एक फेरी आधीच चुकलेली. डीलियाचे पाय गमबुटात शिरेनात. टर्लोनं चाकूनं बुटाची नळी उभी चिरली. तिचा श्वास घरघरत होता.

“आज मी चालवतो,” टर्लो म्हणाला. “तू शेजारी बस.”

“पेगीनला राहू दे आज.”

“नको. असू दे. अडवलं तर?”

डोंगर उतरताना समोरचं धड दिसत नव्हतं. वायपर पाणी इकडचं तिकडं करत होते, बाकी काही नाही. मी वळणावळणाला ठोकत होते. ठक. मागून ठक. शेवटचं वळण घेतलं आणि पुलाजवळ निळा दिवा फिरताना दिसला. गार्डची गाडी रस्त्याच्या कडेला, आणि पावसात पिवळा कोट घातलेला माणूस हात वर करून उभा.

टर्लोनं ब्रेक दाबला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

“तोच आहे,” तो म्हणाला.

“असू दे. थांबू. सांगून टाकू सगळं.”

“आज नाही. आज अडकलो तर दुसरी फेरी चुकेल. आज नाही, अट्रॅक्टा!”

पुलाच्या अलीकडे डावीकडे दलदलीतून जाणारा, पुढं पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळणारा पीट वाहायचा रस्ता आहे. मधे गवत, दोन्ही बाजूंना खोल काळे चर. टर्लोनं दिवे बंद केले आणि गाडी तिकडं घातली.

“टर्लो, नको! पाणी असेल तिकडं!”

“रस्ता मला पाठ आहे.”

पाठ होता, खरंय. पण त्या दिवशी तो रस्ता तिथं नव्हताच. दलदल फुगून वर आली होती आणि जिकडं तिकडं एकच तपकिरी पाणी, त्यातून लव्हाळ्याचे शेंडे वाकलेले. आधी चाकांना पाणी लागलं, मग दाराला. मग इंजिननं एक उसासा टाकला आणि गप्प झालं. क्षणभर फक्त पावसाचा आवाज. टर्लो किल्ली फिरवत होता, फिरवत होता. आणि गाडी हळूच, अगदी हळूच, मागून घसरायला लागली. मागची चाकं चरात उतरली. पुढचं तोंड वर उचललं गेलं, आणि मला कळलं की सगळं पाणी आता मागं जाणार.

ठक ठक.

“आई!” टर्लो ओरडला.

ठक ठक. ठक ठक. आणि पेगीनचं ओरडणं, तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

टर्लो दार ढकलून पाण्यात उतरला. छातीपर्यंत. सीटखालची टॉमी, चाक खोलायचा लोखंडी दांडा, घेऊन तो गाडीला धरत धरत मागं गेला. मी फळीवर मुठी मारत होते. त्यानंच आवळलेले बोल्ट, त्यानंच वेल्डिंग केलेले पत्रे. कर वाचवायला केलेली ती सगळी भक्कम कामं. एक फट नव्हती हो त्या गाडीत, बोट घालायला एक फट नव्हती.

“आई, वर या! फळीकडे या! वर!”

ठक ठक, ठक ठक. आवाज खालून येत होता. मागं टर्लोची टॉमी पत्र्यावर आपटत होती, घसरत होती, तो शिव्या देत होता, देवाला हाका मारत होता, एकाच दमात दोन्ही. दाराची कडी पाण्याखाली. तो डुबकी मारायचा, वर यायचा, पुन्हा डुबकी.

मग पेगीन गप्प झाली. आणि थोड्या वेळानं ठोकेही थांबले.

मी फळीवर ठोकलं. एकदा. ठीक आहे ना? पुन्हा एकदा. माझ्या बोटांचं सालटं निघालं तरी ठोकत होते. आतून काही नाही. त्या शांततेएवढी भीती मला पुढंही कधी वाटली नाही आणि वाटू नये.

तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला, माणसाचा. पिवळा कोट. गार्ड डेनिही पाण्यातून पाय उचलत येत होता, टोपी कुठंतरी गेलेली. दोघांनी मिळून टॉमी दाराच्या खालच्या कडेत घातली आणि दोघं तिच्यावर ओणवे पडले. कडी तुटल्याचा आवाज मला पुढं ऐकू आला.

मी उतरून गेले तोवर त्यांनी तिला बाहेर काढलं होतं. सगळी काळी, चिखलानं माखलेली, डोळे सताड उघडे. श्वास चालू होता. दोन्ही मुठींत लोकर घट्ट धरलेली. डेनिहीनं तिला पाठीवर घेतलं, पोतं घेतात तसं, आणि पाण्यातून चालायला लागला. पेगीन आतच राहिली, तळाशी.

गार्डच्या गाडीत मागच्या सीटवर तिला बसवून त्यानं आपल्या हातानं पट्टा लावला. मी तिला कवेत धरून बसले. निळा दिवा लावून तो स्लायगोकडे सुसाट निघाला. बऱ्याच वेळानं डीलियाचे ओठ हलले.

“मी तिच्यावर बसले गं,” ती म्हणाली. “पाणी आलं तेव्हा. तिच्या अंगावर चढून बसले. ती आधी फार धडपडली. मग थांबली. ती थांबली तेव्हा मग मलाही ठोकवेना.”

पुढं बसलेल्या टर्लोनं तोंड हातांत झाकलं.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. आम्ही तिघं बाकावर, तिघांखाली पाण्याचं तळं. डेनिहीनं कुठूनतरी चहा आणला. त्याचे ओठ निळे पडले होते.

“तुम्ही तिकडं वळलात कशाला?” तो म्हणाला. “मी उभा होतो तो त्याच रस्त्यासाठी. दलदलीचा रस्ता बुडालाय, कुणी जाऊ नका, हे सांगायला पहाटेपासून उभा होतो. पूल तर उघडाच होता.”

मीच म्हटलं, “तुम्ही कागद बघणार होता ना. नंबर घेतला होता.”

“मेंढीचा नंबर! डोंगरावरून मेंढ्या चोरीला जातायत. रोज सकाळी एकच मेंढी, तिला धड दुखणं नाही, म्हातारी बरोबर. मला वाटलं, तुम्ही चोरांच्या साथीला आहात. गाडीचं काय होतं त्यात?”

मग टर्लोनं सांगितलं. काटा, सही, जाकीट, सगळं. अगदी पायपुसण्यांसकट. डेनिही ऐकत राहिला. चहा गार झाला.

“मी तुमच्या टॅक्सच्या चिठ्ठीकडे एकदाही बघितलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि उठून टोपी शोधू लागला. टोपी दलदलीत होती.

डीलिया वाचली. कशी ते डॉक्टरांनाही सांगता येईना. नाताळच्या आधी घरी आली, आणि गाडीही आली, ट्रॅक्टरनं ओढून, आत चिखल आणि तो वास. टर्लोनं ती धुतली, वाळवली, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. फळीकडे मात्र तो बघत नसे. पेगीनला त्यानं मागच्या कुंपणाशी पुरलं. मेंढी पुरायची नसते, कायद्यानं मेलेल्या जनावरांच्या गाडीत द्यायची असते. तोही एक कायदा आम्ही मोडला, आणि त्याची मात्र कुणालाच भीती वाटली नाही.

जानेवारीत डीलियानं फर्मान काढलं, “मला टॅक्सच्या कचेरीत न्या.”

“आम्ही जातो ना,” टर्लो म्हणाला.

“तू गप. तुझी सही बघितली मी.”

काउंटरवर चष्म्यातली एक बाई. सर्दी झालेली. डीलियानं निळा कोट घातला होता, वर काही नाही. मी चाचरत म्हटलं की गाडी खासगी कामाला वापरायचीय, कारच्या दरानं भरायचंय. बाईनं मान वर न करता विचारलं, “खासगी वापर कधीपासून?”

मी टर्लोकडे बघितलं, टर्लोनं जमिनीकडे. ‘आजपासून’ असं म्हणायचं मी आदल्या दिवशीपासून घोकत होते.

“सप्टेंबरापासून,” डीलिया म्हणाली.

बाईनं नाक पुसलं, बटणं दाबली, मधला फरक किती तो सांगितला. इंजिनाचा दर, वजा वजनाचा दर, इतके महिने. एवढंच. कुणी बेड्या आणल्या नाहीत, कुणी पेपरवाल्याला बोलावलं नाही. मागं रांगेतला माणूस जांभई देत होता.

डीलियानं पर्स उघडून एक पाकीट काढलं. ते पाकीट मी ओळखत होते. तिच्या दफनाचे पैसे. वीस वर्षं गादीखाली ठेवलेले, ओक लाकडाची पेटी आणि काळी लांब गाडी यांच्यासाठी.

“आई, ते नको!” टर्लो पहिल्यांदा बोलला.

“का नको? मेल्यावर मला झोपवून, काचेच्या गाडीतून ऐटीत नेणार, आणि जिवंतपणी मेंढीवर बसवून? साधी पेटी करा मला. मी पुढच्या सीटवर बसून घेते.”

टर्लो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघीच निघालो. जाकीट खिळ्यावर, बूट पायात. डीलियानं टोपीही घातली होती. मागं काही नव्हतं, ना गवत ना गादी, आणि गाडी खड्ड्यांवरून हलकी उडत होती. पुलाशी डेनिही उभा होता, नव्या टोपीत. मी थांबले. भीती अजून होतीच, ती काही टॅक्स भरल्यानं जात नाही.

“कुठं निघालात?”

“हॉस्पिटलात,” डीलिया म्हणाली. “माझ्याच कामाला.”

त्यानं मान हलवली. सवयीनं मागं बघायला गेला, दोन पावलं टाकली आणि थांबला. परत आला. टोपीला हात लावून म्हणाला, “सांभाळून जा बाई, रस्ता निसरडा आहे.”

पुढं दलदलीचा रस्ता पुन्हा येऊन मिळतो तो फाटा आला. आम्ही दोघींनी तिकडं बघितलं नाही. वळण घेतलं, आणि तेवढ्यात डीलियानं टोपी सावरत हात मागं नेला आणि फळीवर बोटांनी एकदा ठोकलं.

ठक.

गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता. मागून काही येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिचा हात तसाच फळीवर टेकलेला राहिला, वाट बघत. मग मीच स्टिअरिंगवर बोटानं एक ठोका दिला, आणि तिनं हात मांडीवर घेतला.